गेमचं मशीन घेतलं की कॉम्प्युटरचं काम भागतं का?



मागच्या महिन्यात मुरबाड रोडवरच्या एका गावात आपल्या एका गटाची बैठक होती. बचत गोळा झाली, हप्ते आले, इतिवृत्तावर सह्या झाल्या आणि एका ताईंनी कर्जाची मागणी मांडली. तीस हजार. कारण विचारलं तर म्हणाल्या, मुलांसाठी कॉम्प्युटर घ्यायचाय. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग त्याच जरा चाचरत म्हणाल्या, "म्हणजे कॉम्प्युटर नाही, एक्सबॉक्स. कल्याणला सेकंडहँड मिळतोय. मुलगा म्हणतो तो कॉम्प्युटरच असतो. कीबोर्ड लागतो, इंटरनेट चालतं, टीव्हीला जोडायचा. एका पैशात दोन कामं."

मुलगा दहावी झालेला. त्याच्यापेक्षा मोठी मुलगी बारावीत आहे, तिचं एमएस-सीआयटी झालंय आणि आता मराठी टायपिंगचा क्लास लावलाय. ती कोपऱ्यात बसून आईच्या पासबुकाची पानं चाळत होती, बोलली काहीच नाही.

बायकांना उत्तर देता येईना. अध्यक्षताईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, पुढच्या बैठकीपर्यंत मंजुरी थांबवा, मी नीट माहिती काढते. आजचं बोलणं त्याच माहितीचं आहे, कारण हा प्रश्न एका घरातला नाही. शहापूरपासून टिटवाळ्यापर्यंत मला तो या ना त्या रूपात तीन-चार ठिकाणी ऐकू आलाय.

आधी माझी गोष्ट सांगते. मी पाचवीत असताना बाबांनी डोंबिवलीच्या आमच्या चाळीतल्या खोलीत एक खोकं आणलं. आत कीबोर्ड होता, दोन रिमोट होते आणि एक पिवळं कॅसेट. खोक्यावर 'कॉम्प्युटर' असं मोठ्या अक्षरात छापलेलं. बाबा कंपनीत पाळीवर जायचे, त्यांनी दोन महिन्यांच्या ओव्हरटाइमचे पैसे त्यात घातले होते. पोरगी कॉम्प्युटर शिकेल म्हणून. टीव्हीला जोडलं, चालू केलं, तर मारिओ उड्या मारायला लागला. एक टायपिंगचा खेळ होता, त्यात वरून अक्षरं पडायची आणि आपण बटण दाबायचं. एका भागात थोडंफार लिहिताही यायचं. मी चाळीतल्या सगळ्यांची नावं इंग्रजीत टाइप केली आणि बाबांना दाखवायला ठेवली. संध्याकाळी ते घरी यायच्या आत लाइट गेली. परत आली तेव्हा पडदा कोरा. त्या मशीनला लिहिलेलं जपून ठेवण्याची सोयच नव्हती. बाबांना हे समजावून सांगायला मला फार जड गेलं. दुकानदाराने त्यांना तसं सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलंही नव्हतं, कारण काय विचारायचं हेच त्यांना माहीत नव्हतं.

नंतर कळलं की ते मशीन कुठून आलं. जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ साली एक खेळाचं मशीन काढलं आणि त्याचं नाव ठेवलं फॅमिली कॉम्प्युटर. पुढच्या वर्षी त्याला जोडायला कीबोर्ड आणि प्रोग्रॅम लिहायला बेसिक नावाची भाषाही दिली. आपल्याकडे नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली आले ते कीबोर्डवाले व्हिडिओ गेम म्हणजे त्याच मशीनच्या नकला. मूळ मशीनची काम करायची मेमरी होती दोन किलोबाइट. आजच्या पद्धतीने मराठी मजकूर ठेवायचा तर त्यात अर्धं पानसुद्धा मावत नाही.

आता तुम्ही म्हणाल, ते जुनं झालं. बरोबर आहे. आजचं मशीन तसं नाही, आणि इथे त्या ताईंच्या मुलाचं म्हणणं अर्धं खरं आहे. त्याला हवा असलेला एक्सबॉक्स सीरिज एस घ्या. आत १० जीबी मेमरी आहे, ५१२ जीबी साठवण आहे, आणि प्रोसेसर एएमडी कंपनीचा, म्हणजे जी कंपनी लॅपटॉपचेही प्रोसेसर बनवते तिचाच. प्लेस्टेशन फाइव्हमध्ये तर १६ जीबी मेमरी. आपल्या पंचायतीतल्या कॉम्प्युटरपेक्षा ही मशीनं ताकदीने कितीतरी वरचढ आहेत. मग अडतं कुठे?

अडतं ते कुलपामुळे. कॉम्प्युटर तुमच्या मालकीचा झाला की त्यात कुठलं सॉफ्टवेअर घालायचं ते तुम्ही ठरवता. गेमच्या मशीनमध्ये ते कंपनी ठरवते. कंपनीने ज्याला मंजुरी दिली तेवढंच चालतं, बाकीचं मशीन आत घेतच नाही. पिठाच्या गिरणीचं उदाहरण देते. मोटार तीच, ताकद तीच, पण एका गिरणीत तुम्ही गहू, ज्वारी, नाचणी, मसाला काहीही दळता, आणि दुसऱ्या गिरणीला असं तोंड बसवलंय की मालकाच्या दुकानातून घेतलेलं धान्यच आत जातं. दुसरी गिरणी स्वस्त मिळेल. का स्वस्त मिळेल ते उघड आहे.

धंद्याची रीतच तशी आहे. मशीन कमी नफ्यात, कधी तोट्यातही विकायचं आणि पुढे खेळांवर कमवायचं. प्लेस्टेशन फाइव्ह भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला तेव्हा डिस्कवाल्याची किंमत होती ४९,९९० रुपये, आणि त्याच्या मोठ्या नव्या खेळांची किंमत एकेकाची ४,९९९. म्हणजे दहा खेळ घेतले की दुसऱ्या मशीनचे पैसे गेले. मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचं तर बहुतेक खेळांना वर्गणी वेगळी. कर्ज मागताना मुलगा हे सांगत नाही. त्याचा दोष नाही, त्या वयात कोण सांगतं?

गेमचं मशीन कॉम्प्युटर म्हणून वापरता येईल का, हा प्रश्न मोठमोठ्यांनाही पडलाय. सोनीने २००० साली प्लेस्टेशन टू काढला. युरोपात तेव्हा खेळाच्या मशीनवर आयात कर होता आणि कॉम्प्युटरवर सवलत. तर सोनीने तिथल्या मशीनबरोबर बेसिक भाषेची एक डिस्क दिली, म्हणजे याच्यावर प्रोग्रॅम लिहिता येतो, हा कॉम्प्युटरच आहे असं म्हणता यावं. आपल्याकडे योजनेचा लाभ मिळावा म्हणून एका घराची दोन घरं दाखवतात, त्यातलाच प्रकार म्हणा ना.

पण २००६ साली प्लेस्टेशन थ्री आला तेव्हा मात्र खरोखर दार उघडलं होतं. त्यात लिनक्स टाकायची सोय कंपनीनेच दिली होती. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी यंत्रणा. ती टाकली की पत्र लिहा, हिशेब करा, प्रोग्रॅम लिहा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डार्टमथ शाखेत गौरव खन्ना नावाचे भारतीय वंशाचे भौतिकशास्त्रज्ञ होते. त्यांनी २००७ साली असे आठ प्लेस्टेशन एकमेकांना जोडून कृष्णविवरांचं गणित करायला घेतलं. कृष्णविवर म्हणजे आकाशातली अशी वस्तू, जिच्या ओढीतून प्रकाशही सुटत नाही. महासंगणकाचं भाडं परवडत नव्हतं, म्हणून हा मार्ग. पुढे अमेरिकेच्या हवाई दलाने २०१० साली सुमारे १,७०० प्लेस्टेशन थ्री जोडून एक महासंगणक उभा केला. ऐकायला गंमत वाटते, पण हे खरं आहे.

आणि मग काय झालं? १ एप्रिल २०१० ला सोनीने इंटरनेटवरून एक अपडेट पाठवलं आणि लिनक्सची सोय बंद केली. कारण दिलं सुरक्षेचं. अपडेट नको म्हणायची मुभा होती, पण मग ऑनलाइन खेळणं बंद. ज्यांनी कॉम्प्युटर म्हणून वापरता येईल या भरवशावर पैसे मोजले होते, त्यांच्या घरात ते मशीन एका दिवसात नुसतं खेळाचं उरलं. अमेरिकेत ग्राहकांनी एकत्र येऊन दावा लावला, आणि बऱ्याच वर्षांनी सोनीला तडजोड करून काही पैसे परत द्यावे लागले. पण सोय काही परत आली नाही. मी या गोष्टीवर जास्त वेळ घेतला, कारण मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. वस्तू तुमच्या घरात, पैसे तुमचे, कर्जाचा हप्ता तुमचा, आणि ती वस्तू काय करेल ते कंपनीच्या हातात.

आज काय चालतं ते प्रामाणिकपणे सांगते. एक्सबॉक्समध्ये ब्राउझर आहे. त्याला कीबोर्ड-माउस जोडून वेबसाइट उघडता येतात, व्हिडिओवरचे धडे बघता येतात, ऑनलाइन कागदावर निबंधही लिहिता येतो. प्लेस्टेशन फाइव्हमध्ये सरळ उघडता येईल असा ब्राउझरच ठेवलेला नाही. प्रिंटर दोघांनाही जोडता येत नाही. आधारच्या अंगठ्याचं मशीन जोडता येत नाही. टॅली चालत नाही. मुलीच्या टायपिंगच्या परीक्षेची, म्हणजे राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टायपिंगची तयारी क्लासमध्ये विंडोजवर होते, ते सॉफ्टवेअर यात बसवता येत नाही. मराठीत मिनिटाला ३० शब्दांचा वेग यायला हाताला रोज तास-दोन तास तोच कीबोर्ड आणि तेच सॉफ्टवेअर लागतं. क्लासमधल्या एका तासावर तो वेग येत नाही, हे मी माझ्या अनुभवाने सांगते.

टीव्हीचंही बघा. घरात टीव्ही एकच. मुलगा खेळायला बसला की ना मुलीला टाइप करायला मिळणार, ना आजीला मालिका. "दोघांसाठी" म्हणून घेतलेली वस्तू कोणाच्या हातात राहते ते आपल्याला सांगायला नको.

विजेचा हिशेब त्या बैठकीत कोणी काढला नव्हता. प्लेस्टेशन फाइव्ह मोठा खेळ चालू असताना साधारण २०० वॅट खातो, म्हणजे पाच तासांत एक युनिट. सीरिज एस त्यापेक्षा बरंच कमी खातो. साधा लॅपटॉप त्याहूनही कमी. आणि लाइट गेली तर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो. शहापूर-मुरबाडकडे पावसाळ्यात लाइटचं काय असतं ते तुम्हीच मला सांगा.

आता उलटी बाजू. गेमचं मशीन कॉम्प्युटर होत नाही, पण कॉम्प्युटर मात्र गेमचं मशीन होतो. जुना लॅपटॉप नवे भारीतले खेळ पेलणार नाही, पण दहा वर्षांपूर्वीचे शेकडो खेळ आरामात चालतात. मुलाला हे मान्य करायला जड जाईल. तरी कंपन्यांच्या ऑफिसातून बाहेर निघालेले लॅपटॉप आपल्याकडे पंधरा ते वीस हजारांत मिळतात. घेताना बॅटरी दुकानातच तासभर चालवून बघा. मेमरी किमान ८ जीबी आणि एसएसडी आहे का विचारा, कीबोर्डची प्रत्येक कळ दाबून बघा, आणि पक्की पावती घ्या. पावतीवर वॉरंटीचे महिने लिहून घ्या, तोंडी शब्द चालणार नाही. विंडोजचे पैसे वाचवायचे तर लिनक्स आणि लिबरऑफिस फुकट आहेत, मराठी त्यातही टाइप होतं. टायपिंग परीक्षेच्या सरावाला मात्र विंडोजच असू द्या.

आणि ज्यांना एवढंही शक्य नाही त्यांनी घाबरून कर्ज काढू नका. उद्यम नोंदणी, बँकेचं ॲप, अर्जाची स्थिती बघणं, ही कामं मोबाइलवर होतात. उद्यम नोंदणीला सरकारी फी नाही, हे लक्षात असू द्या. मोबाइलला ओटीजी वायरने तीन-चारशे रुपयांचा कीबोर्ड जोडता येतो. लांबलचक टायपिंग, मोठे हिशेब, मसाल्याच्या पाकिटावरचं लेबल आणि छपाई, इथे मात्र मोबाइल अपुरा पडतो.

खेळाच्या मशीनला मी नावं ठेवत नाही. पैसे असतील आणि मुलाला हौस असेल तर जरूर घ्या, पण खेळणं म्हणून घ्या आणि कर्जाच्या अर्जात तसंच लिहा.

परवा पुढची बैठक झाली. मी सगळं सांगितलं. मुलगाही आला होता, त्याने एक-दोन ठिकाणी मला दुरुस्तही केलं, आणि बरोबर केलं. मी त्याला विचारलं, ताईचं टायपिंगचं सॉफ्टवेअर यात घालून दाखवशील? तो म्हणाला, नाही घालता येणार. मग मुलगी पहिल्यांदा बोलली, "मला परीक्षेला अजून चार महिने आहेत." बस, एवढंच.

मागणी तीस हजारांवरून अठरा हजारांवर आली. शेकडा दोन व्याजाने, बारा हप्ते, पहिला हप्ता १,५०० मुद्दल आणि ३६० व्याज मिळून १,८६० रुपये. लॅपटॉप बघायला मुलगाच जाणार आहे, कारण त्यातलं त्याला कळतं. कळा तपासायला बहीण बरोबर जाईल. गटाच्या मसाल्याची लेबलं तीच टाइप करून देणार आहे, पाकिटामागे किती घ्यायचे ते अजून ठरायचंय.