पोहरादेवी : बंजारा वारशाचे संग्रहालय

कुठे : ता. मानोरा, जि. वाशीम. संत सेवालाल महाराजांचे समाधिस्थळ, बंजारा समाजाची ‘काशी’.

उद्घाटन : ५ ऑक्टोबर २०२४, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते.

वास्तू : नंगारा या वाद्याच्या आकाराची चार मजली इमारत. १३ दालनांतून समाजाचा इतिहास, जीवनशैली आणि धुरीणांचे दर्शन.

जतन : बंजारा पोशाखावर आरसे, कवड्या, नाणी एकत्र येतात. प्रखर उजेडाने रंग विटतात, म्हणून जुन्या कापडासाठी ५० लक्सपर्यंतचाच प्रकाश योग्य मानतात. ओलाव्याने धातू गंजून कापडावर डाग पडतात.

समाजाचा सहभाग : रामनवमीच्या यात्रेला दूरदूरच्या तांड्यांतून भाविक येतात. पोशाखावरील भरतकामाच्या टाक्यांची नावे आणि लेंगी ही पारंपरिक गीते त्यांच्यातील ज्येष्ठ स्त्रियांना ठाऊक आहेत. त्यांच्याकडून ती आताच नोंदवून घ्यायला हवीत.