शिक्षा संपली, माणूस गावात परतला. पुढे लक्ष कोणाचं?

लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेला माणूस शिक्षा भोगून घरी आला की गल्लीत एकच चर्चा सुरू होते, आता याच्यावर लक्ष कोण ठेवणार? आपण कर्नाटकात राहतो, गोव्यात की मध्य प्रदेशात, याने फारसा फरक पडत नाही. मूळ कायदा सगळीकडे एकच आहे.

आपल्याकडे काय आहे?
1958 च्या परिवीक्षा कायद्यानुसार न्यायालय काही दोषींना तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडू शकतं. मग परिवीक्षा अधिकारी, म्हणजेच प्रोबेशन ऑफिसर, त्यांच्यावर देखरेख ठेवतो. पण ज्या गुन्ह्याला जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते, तिथे ही सवलत नाही. त्यामुळे बलात्काराच्या दोषींना हे दार बंद आहे. पूर्ण शिक्षा भोगून सुटलेल्या प्रौढामागे परिवीक्षा अधिकारी सहसा नसतो.

सप्टेंबर 2018 मध्ये लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. सुरुवातीलाच तिच्यात 4 लाखांहून जास्त नोंदी होत्या. ती फक्त तपास यंत्रणांना पाहता येते, सामान्य माणसाला नाही. शिवाय नोंद असणं म्हणजे देखरेख असणं नव्हे.

इंग्लंडमध्ये काय होतं?
तिथे पोलीस, तुरुंग आणि प्रोबेशन खातं मिळून अशा माणसाचा धोका तपासतात. सुटल्यावर तीन दिवसांत त्याला पोलिसांकडे नाव-पत्ता द्यावा लागतो. कुठे राहायचं, कोणाला भेटायचं नाही, याच्या अटी असतात. अट मोडली तर परत तुरुंग. गंभीर प्रकरणांत 2014 पासून पॉलिग्राफ चाचणीही घेतात.

उपचाराने माणूस सुधारतो का?
इथेच धडा आहे. इंग्लंड-वेल्सच्या तुरुंगांत 1990 च्या दशकापासून गटात बसवून उपचार चालत. 2017 मध्ये सरकारनेच निकाल छापला. उपचार घेतलेल्यांपैकी 10 टक्क्यांनी पुन्हा लैंगिक गुन्हा केला. न घेतलेल्या, पण तशाच कैद्यांत हे प्रमाण 8 टक्के होतं. म्हणजे फायदा दिसला नाही, उलट थोडं नुकसानच. तो कार्यक्रम बंद करून नवे आणले गेले. त्यांत जुना गुन्हा उगाळण्याऐवजी राग, नाती आणि रोजचं जगणं सांभाळायला शिकवण्यावर भर आहे.

एवढी वर्षं चाललेली गोष्ट मोजून पाहिली आणि चुकली म्हणून थांबवली, हे महत्त्वाचं. चांगल्या हेतूने केलेलं काम मोजलं नाही, तर चूक कळतच नाही.

मुलांच्या बाबतीत वेगळं
आरोपी 18 वर्षांखालील असेल तर आपल्याकडेही परिवीक्षा अधिकारी येतो. 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे तो घरची परिस्थिती तपासून 15 दिवसांत अहवाल देतो, पुढचा पाठपुरावाही करू शकतो. म्हणजे पद आहे, पद्धत आहे. प्रौढांसाठी तिचा विचार व्हायचा आहे.

तोवर आपल्या हातात सावधपणा आहे. मुलाबाबत शंका आली तर 1098, तातडीची मदत हवी असेल तर 112.