चार याद्यांचं फडताळ

प्रोग्रामर दिवसभर कोड लिहितो, असा समज आहे. प्रत्यक्षात त्याचा बराचसा वेळ शोधण्यात आणि वाचण्यात जातो. हे कुठे लिहिलंय? हे कोण वापरतंय? इथे हात लावला तर आणखी कुठे बिघडेल? ही शोधाशोध हाही कामाचाच भाग आहे आणि तिला स्वतंत्र साधन हवं, हे संगणकतज्ज्ञ लॅरी टेसलर यांनी फार लवकर ओळखलं. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टोत, झेरॉक्सच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रात अ‍ॅलन के, डॅन इंगल्स, अ‍ॅडेल गोल्डबर्ग ही मंडळी स्मॉलटॉक भाषा घडवत होती. तिच्यासाठी टेसलर यांनी क्लास ब्राउझर, म्हणजे कोड चाळायची खिडकी, बनवला. त्यांचं नाव ‘कॉपी-पेस्ट’शी जोडलं जातं, पण माझ्या लेखी ब्राउझरचं मोल त्याहून कमी नाही.

या खिडकीच्या वरच्या भागात शेजारी शेजारी चार याद्या असतात. पहिलीत क्लासचे गट, दुसरीत त्या गटातले क्लास, तिसरीत कामांनुसार पाडलेले कप्पे आणि चौथीत मेथड. क्लास म्हणजे एका जातीच्या वस्तूंचा साचा, मेथड म्हणजे त्यातलं एकेक काम करणारा कोड. एका यादीत बोट ठेवलं की पुढची भरते. खालच्या मोकळ्या जागेत निवडलेली मेथड दिसते, फक्त तेवढीच. हजारो ओळींची फाईल खालीवर सरकवत बसणं इथे नाहीच.

१९९६ मध्ये आलेल्या ‘स्क्वीक’ या मोफत स्मॉलटॉकमध्ये ‘ऑर्डर्डकलेक्शन’ हा क्लास उघडा. ‘अ‍ॅडिंग’च्या कप्प्यात संग्रहाच्या सुरुवातीला वस्तू घालणारी ‘अ‍ॅडफर्स्ट’ सापडते. सुरुवातीआधी जागा नसेल तर करून घे, सुरुवातीची खूण एक घर मागे ने, तिथे वस्तू ठेव. जेमतेम चार ओळी. पण जागा करतात कशी? जागा करणाऱ्या मेथडच्या नावावरूनच ‘इम्प्लिमेंटर्स’ मागवा, ती मेथड जिथे जिथे लिहिली आहे ती ठिकाणं समोर येतात. ‘सेंडर्स’ मागवले, तर ती कुठून कुठून बोलावली जाते ते कळतं. आजच्या एडिटरांतलं ‘फाइंड युसेजेस’ याच जातीचं.

मला सगळ्यात भावते ती तिसरी यादी. ‘अ‍ॅडिंग’, ‘रिमूव्हिंग’, ‘अ‍ॅक्सेसिंग’ ही नावं संगणकाला लागतच नाहीत. बदला, पुसा, प्रोग्राम होता तसाच चालतो. ती आहेत उद्या हा कोड उघडणाऱ्या माणसासाठी. यंत्राला देण्याच्या मजकुरात माणसासाठी राखून ठेवलेली ही जागा मला फार मोठी गोष्ट वाटते.

यंत्राला तिची गरज नाही, म्हणूनच ती दुर्लक्षितही राहते. स्क्वीकमध्ये कप्पा न सांगता मेथड लिहिली, तर ती ‘अ‍ॅज येट अनक्लासिफाइड’मध्ये जाऊन पडते, म्हणजे ‘अजून लावायचंय’. घाईच्या दिवसांत हा कप्पा बघता बघता फुगतो. मी तो आवरायला बसतो तेव्हा प्रत्येक मेथड उघडून एकच विचारतो: ही नेमकं काय करते? बऱ्याच जणी चटकन आपापल्या जागी जातात. एखादी मात्र कुठेच बसत नाही. निम्मी ‘अ‍ॅडिंग’मधली वाटते, निम्मी ‘रिमूव्हिंग’मधली. नीट वाचल्यावर कळतं, एका नावाखाली दोन कामं कोंबली आहेत. मग कप्पा शोधणं बाजूला ठेवायचं आणि आधी तिच्या दोन मेथड करायच्या.