मोंसेग्यूर : कॅथारांचा गड

फ्रान्सच्या दक्षिणेत, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याजवळ, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवरच्या उभ्या कातळावर मोंसेग्यूरचा भग्न किल्ला आहे. छप्पर गेले, दालने गेली; उरला आहे तट आणि पडका बुरूज. तरीही यात्रेच्या भावनेने ही दमछाक करणारी चढण चढणारे पुष्कळ आहेत. त्यामागे १२४४ सालचा मार्च महिना आहे.

कॅथार हा मध्ययुगातला ख्रिस्ती पंथ. दृश्य जग दुष्ट शक्तीने घडवले आणि आत्मा त्यात अडकला, अशी त्यांची धारणा. त्यांचे दीक्षित, स्त्री असो वा पुरुष, मांस, अंडी, दूध वर्ज्य करत, ब्रह्मचर्य पाळत, शपथ घेत नसत. रोमच्या चर्चने त्यांना पाखंडी ठरवले आणि १२०९ मध्ये त्यांच्यावर धर्मयुद्ध लादले. मोंसेग्यूर त्यांचा आसरा झाला. १२४२ मध्ये गडावरून गेलेल्या लोकांनी आव्हिन्योने गावात धर्मन्यायाधीशांना ठार मारले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात गडाला राजसैन्याचा वेढा पडला.

साडेनऊ महिन्यांनी गड शरण आला. लढणाऱ्यांना अभय मिळाले, पंथ सोडणाऱ्यांना जीवदान. जे सोडणार नाहीत त्यांना आग. निर्णयासाठी पंधरा दिवस होते. या जागेचे पावित्र्य कुठे शोधायचे तर या पंधरवड्यात. डोक्यावर शुभवर्तमानाचा ग्रंथ, त्यावर दीक्षितांचे हात आणि प्रार्थना, एवढाच कॅथारांचा दीक्षाविधी. मुदत संपत आली तेव्हा वीसेक जणांनी ती दीक्षा घेतली. त्यांत शिपाईही होते. गडावरून सुखरूप उतरून घरी जाण्याची मोकळीक असताना त्यांनी मरण पत्करले. १६ मार्चला दोनशेहून अधिक माणसे एकत्र जाळली गेली. गडाच्या धन्याची पत्नी कोर्बा आणि मुलगी एस्क्लारमोंद त्यांतच होत्या. पायथ्याच्या कुरणात १९६० मध्ये त्यांचा स्मृतिस्तंभ उभारला गेला. आजही तिथे फुले वाहिलेली दिसतात.

पुढे आख्यायिका वाढल्या. जर्मन लेखक ओटो रान याने १९३३ मध्ये हा गड येशूच्या पवित्र प्याल्याच्या कथेशी जोडला. त्याला ठोस आधार नाही. वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी सूर्योदयाचे किरण बुरुजाच्या झरोक्यांतून आरपार जातात. ते पाहायला दरवर्षी जूनमध्ये लोक जमतात आणि काहीजण त्यात कॅथारांची सूर्यपूजा शोधतात. पण आजचे हे बांधकाम बहुतांशी वेढ्यानंतर, गडाच्या नव्या मालकांनी केलेले आहे. कॅथारांची वस्ती तटाबाहेर, कड्याच्या उतारावर होती. उत्खननात तिथे तिच्या घरांचे पाये सापडले आहेत.