पायी हिंडून स्थलनामांचा अभ्यास : धोबीतलाव ते उमरखाडी

स्थलनामांचा अभ्यास करू इच्छिणारा विद्यार्थी प्रथम नकाशाकडे व जुन्या ग्रंथांकडे वळतो, हे स्वाभाविकच आहे. मुंबईपुरते बोलावयाचे झाल्यास या साधनांची वाण नाही. गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले. १९०९–१० मध्ये या शहराच्या गॅझेटिअरचे तीन खंड निघाले, आणि १९१७ मध्ये शेपर्ड यांनी मुंबईतील स्थळांच्या व रस्त्यांच्या नावांवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. एखादे नाव कोठून आले असावे, हे या ग्रंथांवरून पुष्कळ अंशी कळते. परंतु ते नाव आज कोणाच्या तोंडी आहे, कोणत्या रूपात आहे, आणि ते उच्चारणाऱ्यास त्याचा अर्थ जाणवतो की नाही, या प्रश्नांची उत्तरे ग्रंथात मिळत नाहीत. ती रस्त्यातच शोधावी लागतात. प्रस्तुत लेखात धोबीतलावापासून उमरखाडीपर्यंतच्या एका पायवाटेच्या आधारे या शोधाचे स्वरूप स्पष्ट करावयाचे आहे.

धोबीतलावाच्या चौकात उभे राहिले असता पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही की, तेथे तलाव नाही. तो बुजविला गेल्यास फार काळ लोटला. तरीही नाव मात्र अबाधित आहे. निर्दिष्ट वस्तू नाहीशी झाली म्हणजे तिचे नावही लोपते, असा जो सर्वसामान्य समज आहे, त्यास येथे सुरुवातीलाच छेद जातो. दक्षिणेस काही अंतरावर असलेल्या काळा घोडा या स्थळाचे उदाहरण याहून बोलके आहे. सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा तेथून १९६५ साली हलवून भायखळ्याच्या उद्यानात नेण्यात आला. पुढे पन्नासहून अधिक वर्षे त्या जागी घोडा नव्हता, तथापि लोक त्या परिसरास काळा घोडाच म्हणत राहिले. शेवटी २०१७ मध्ये तेथे स्वाराविना असलेला नवा घोडा उभारण्यात आला. एरव्ही वस्तूवरून नाव पडते. येथे नावावरून वस्तू आली.

याच चौकाजवळच्या मोठ्या रेल्वेस्थानकाबद्दल वाटसरू काय म्हणतात, तेही ऐकण्यासारखे असते. ‘बोरीबंदर’, ‘व्ही. टी.’, ‘सीएसटी’ आणि ‘सीएसएमटी’ ही चार नावे एकाच जागेची होत. अधिकृत नावातील बदल १९९६ व २०१७ या वर्षी झाले. परंतु बोलणाऱ्याने ते बदल त्या त्या वर्षी स्वीकारलेच असे नाही. मनुष्य ज्या वयात शहराशी परिचित होतो, त्या वयातील नाव बहुधा त्याच्या जिभेवर कायम राहते. म्हणून एकाच स्थळाची अनेक नावे आढळल्यास त्यांतील ‘खरे’ कोणते हा प्रश्न अभ्यासकाने विचारू नये. कोणते नाव कोणाचे, हा प्रश्न अधिक फलदायी आहे.

धोबीतलावाहून उत्तरेकडे जाणारा रस्ता म्हणजे जगन्नाथ शंकरशेट मार्ग. पाटीवर हे नाव ठळक आहे. परंतु त्या रस्त्यावरील दुकानदारास आपले दुकान कोठे आहे असे विचारल्यास तो बहुतेक वेळा ‘गिरगावात’, ‘ठाकुरद्वारला’ किंवा एखाद्या वाडीचे नाव घेऊन उत्तर देतो. मार्गाचे नाव पत्र घालण्यासाठी असते. वाडीचे नाव राहण्यासाठी असते. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, खोताची वाडी ही नावे या दृष्टीने पाहावीत. ‘वाडी’ या शब्दाचा मूळ रोख झाडांनी वेढलेल्या कुंपणाच्या जागेकडे, बागाइताकडे आहे. तेथे घरे झाली तेव्हा घरांच्या समूहास वाडी म्हणू लागले. घरांच्या जागी चाळी आल्या तेव्हा चाळींच्या समूहासही तोच शब्द लागू झाला. मुगभाट, कोलभाट या नावांतील ‘भाट’ या उत्तरपदाचीही कथा अशीच आहे. गोव्यात व दक्षिण कोकणात भाट म्हणजे माडांची बागाईत. तेथे तो शब्द आजही जिवंत आहे. गिरगावात मात्र तो केवळ गल्लीच्या नावात अडकून राहिला. शब्द बोलीतून गेला, पण स्थलनामाने तो जपला.

नाव जिवंत आहे की गोठलेले आहे, हे ओळखण्याची एक व्याकरणिक खूणही येथे सापडते. ‘खोताची वाडी’ हे वस्तुतः एक षष्ठ्यंत पद व एक नाम यांनी बनलेले नाव आहे. ज्यास हा संबंध जाणवतो, तो ‘खोताच्या वाडीत’ असे म्हणतो. म्हणजे नावाच्या दोन्ही घटकांस विकार होतो. ज्याच्या मनात ते एक अखंड विशेषनाम झाले आहे, त्याच्याकडून ‘खोताचीवाडीमध्ये’ असा प्रयोग होतो. ‘वांद्र्याला’ आणि ‘बांद्राला’ या दोन रूपांतील फरकही याच जातीचा आहे. सामान्यरूप टिकणे हे नाव मराठीच्या व्यवस्थेत नांदत असल्याचे लक्षण आहे. ते सुटणे ही ते नाव त्या व्यवस्थेबाहेर पडू लागल्याची पहिली सूचना होय. ही सूचना कोणत्याही पाटीवर लिहिलेली नसते. ती कानानेच टिपावी लागते.

ठाकुरद्वाराहून पूर्वेस वळून भुलेश्वरमार्गे पायधुणीस पोहोचता येते. चोहीकडे बाजारपेठ असताना या नावात पाय धुण्याचा उल्लेख कशासाठी, असा प्रश्न पडतो. मुंबई बेटांच्या रूपात होती तेव्हा भरतीचे पाणी येथवर येई व ते ओलांडून आलेले लोक येथे पाय धूत, असे या नावाचे स्पष्टीकरण दिले जाते. पुढील उमरखाडी या नावातही उंबर आणि खाडी दोन्ही आहेत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात महालक्ष्मी व वरळी यांमधील खिंड हॉर्नबी वेलार्ड या बांधाने बंद झाली आणि समुद्र मागे हटला. त्या बांधाच्या नावातील ‘वेलार्ड’ हे पोर्तुगीज ‘व्हालादो’ या शब्दाचे इंग्रजांच्या तोंडी झालेले रूप आहे. अशा रीतीने मैलभराच्या परिसरात एका जुन्या किनाऱ्याची रेषा केवळ नावांच्या आधारे पायांखाली उलगडत जाते.

या दोहोंच्या मध्ये भेंडी बाजार लागतो. इंग्रजीतील ‘बिहाइंड द बझार’ या शब्दांवरून हे नाव पडले, असे सांगणारे अनेक भेटतात. भेंडीची झाडे येथे होती, हे स्पष्टीकरण अधिक साधे व मुंबईतील इतर वृक्षनामांशी जुळणारे आहे. चिंचपोकळी, वडाळा, ताडदेव ही सर्व नावे झाडांवरूनच आलेली आहेत. येथील भेंडी ही भाजीची नव्हे, तर किनाऱ्यालगत वाढणाऱ्या वृक्षाची होय. तो वृक्ष नागरी माणसाच्या परिचयातून गेला, नाव अर्थहीन वाटू लागले, आणि रिकाम्या जागेत लोकव्युत्पत्तीने नवा अर्थ भरला. लोकव्युत्पत्ती हा अज्ञानाचा विनोद नसून नावाशी असलेला अर्थसंबंध तुटल्याचा पुरावा आहे, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये.

नावे ऐकण्याची रीत कोणती असावी? विल्यम लॅबॉव्ह यांनी १९६२ साली न्यूयॉर्कमधील तीन मोठ्या दुकानांत केलेली पाहणी येथे मार्गदर्शक ठरते. चौथ्या मजल्यावर असलेल्या विभागाची चौकशी करून त्यांनी २६४ जणांकडून ‘चौथा मजला’ या अर्थाचे इंग्रजी शब्द वदवून घेतले व त्यांतील ‘र’चा उच्चार नोंदविला. आपली भाषा तपासली जात आहे, याची बोलणाऱ्यास कल्पना नव्हती. स्थलनामांच्या बाबतीतही ‘या रस्त्याचे नाव काय?’ असे विचारल्यास मनुष्य पाटीकडे पाहून उत्तर देतो. त्याऐवजी दूरच्या एखाद्या देवळाची वा बाजाराची वाट विचारावी. उत्तरादाखल येणाऱ्या खुणांच्या मालिकेत त्याची स्वतःची नावे आपोआप येतात. पाटीवरील नाव, तोंडचे नाव, त्याचे सामान्यरूप, बोलणाऱ्याचे साधारण वय व तारीख एवढी नोंद प्रत्येक वेळी झाली पाहिजे. आणि डोळ्यांची नोंद व कानांची नोंद वेगवेगळ्या रकान्यांत ठेवली पाहिजे.

हे काम निकडीचे आहे. काही नावांस नवा आधार मिळाला आहे. २०२५ मध्ये पूर्ण झालेल्या भुयारी मेट्रोच्या स्थानकांना काळबादेवी व गिरगाव हीच नावे आहेत. परंतु वाड्यांच्या नावांस असे स्थानक नसते. चाळ पाडून मनोरा उभा राहिला की त्यास नवे, बहुधा इंग्रजी, नाव मिळते. दुकानांच्या पाट्या मराठीत व देवनागरीत असाव्यात, याविषयीचा कायदा २०२२ मधील दुरुस्तीने लहान आस्थापनांसही लागू झाला. त्यायोगे पाटीची लिपी राखली जाईल. तोंडचे नाव राखणे कोणत्याही कायद्यास शक्य नाही. वाडीतील रहिवासी विखुरले की ‘खोताच्या वाडीत’ असे म्हणणारी पिढी एकत्र सापडणार नाही, आणि मागाहून येणाऱ्या अभ्यासकाच्या हाती केवळ पाट्या राहतील. ती पिढी आज त्याच गल्ल्यांतून चालते आहे, आणि वाट विचारणाऱ्यास अद्याप उत्तर देते.