विश्लेषण : मुलांची विज्ञानाची आवड मोजता येते का? कल चाचणीचा निकाल कसा वाचावा?

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. सायन्स, कॉमर्स की आर्ट्स? याच दिवसांत ‘कल चाचणी’च्या जाहिराती मोबाइलवर येऊ लागतात. अर्ध्या तासात प्रश्न सोडवा आणि मूल इंजिनीअर होणार की डॉक्टर हे जाणून घ्या, असा काहींचा दावा असतो. त्या निकालावर दोन वर्षांची फी आणि क्लासचा निर्णय होतो. पण अशा प्रश्नावल्या नेमके काय मोजतात?

आवडीला गुण कसे देतात?

बहुतेक प्रश्नावल्यांचा पाया अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेली पद्धत आहे. विद्यार्थ्यापुढे एक विधान ठेवतात. उदाहरणार्थ, ‘प्रयोगशाळेत काम करायला मला आवडेल’. उत्तरासाठी ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत पाच पर्याय असतात आणि त्यांना ५ ते १ गुण मिळतात. काही विधाने मुद्दाम उलटी असतात. ‘विज्ञानाचा तास कंटाळवाणा असतो’ या विधानाला ‘पूर्ण असहमत’ म्हटले तर ५ गुण. न वाचता एकाच रकान्यात टिक करत जाणारा विद्यार्थी त्यामुळे लक्षात येतो.

या क्षेत्रातील सर्वाधिक वापरल्या गेलेल्या प्रश्नावल्यांपैकी एक ऑस्ट्रेलियातील बॅरी फ्रेझर यांची ‘टोसरा’. तिच्यात ७० विधाने असून त्यांचे सात भाग आहेत. विज्ञानाच्या तासाचा आनंद, फावल्या वेळातील रस आणि विज्ञानात करिअर करण्याची इच्छा हे त्यातले तीन स्वतंत्र भाग. प्रत्येक भागात दहा विधाने, म्हणजे किमान १० आणि कमाल ५० गुण.

सगळ्या गुणांची बेरीज का करू नये?

समजा, एका मुलीला ‘तासाचा आनंद’मध्ये ४४ आणि ‘करिअरची इच्छा’मध्ये १९ गुण मिळाले. दोन्हींची बेरीज ६३. वीस विधानांची सरासरी निघते ३.१५. म्हणजे ‘विज्ञानाबद्दल फारसे मत नाही’! प्रत्यक्षात तिला विज्ञान खूप आवडते, पण त्यात करिअर करायचे नाही. बेरजेत नेमकी हीच माहिती हरवते. उंची आणि वजन यांची बेरीज करण्यासारखाच हा प्रकार. म्हणून अहवालात एकच आकडा असेल, तर तो कोणत्या भागांचा मिळून बनला हे विचारायला हवे.

विज्ञान आवडते, मग करिअर का नको?

हा प्रश्न जगभर पडला आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये लुईस आर्चर यांच्या नेतृत्वाखाली २००९ मध्ये ‘अस्पायर्स’ हा अभ्यास सुरू झाला. इंग्लंडमधील १० ते १४ वयोगटातील बहुसंख्य मुलांनी विज्ञानाच्या तासाला रंजक गोष्टी शिकायला मिळतात असे सांगितले. शास्त्रज्ञ व्हायचे आहे, असे सांगणारे मात्र सुमारे १५ टक्केच होते. घरात किंवा ओळखीत विज्ञान क्षेत्रातले कोणी आहे का, घरी त्यावर बोलणे होते का, याचा मोठा परिणाम दिसला. विज्ञान आवडूनही ‘हे आपल्यासारख्यांसाठी नाही’ असे अनेक मुलांना वाटत होते.

नॉर्वेतील ऑस्लो विद्यापीठाने राबवलेल्या ‘रोज’ या प्रकल्पात भारतासह सुमारे ४० देशांतील १५ वर्षांच्या मुलांना प्रश्न विचारण्यात आले. देश जितका विकसित, तितकी शास्त्रज्ञ होण्याची इच्छा कमी, असे चित्र समोर आले. युगांडा, बांगलादेशातील मुले उत्साही होती, तर जपान, नॉर्वेतील मुले उदासीन. म्हणजे ‘हो’ या उत्तरात विषयाच्या आवडीसोबत चांगल्या आयुष्याची आशाही मिसळलेली असू शकते.

मुली मागे आहेत का?

ते प्रश्न कसा विचारला यावर ठरते. ‘पिसा २०१५’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत १५ वर्षांच्या मुलांना विचारले होते की, तिशीत तुम्ही कोणते काम करत असाल? ओईसीडी देशांत विज्ञानाशी संबंधित काम सांगणारे मुलगे २५ टक्के आणि मुली २४ टक्के होत्या. वरवर पाहता फरक नाहीच. पण क्षेत्रे वेगळी केल्यावर चित्र बदलले. इंजिनीअर किंवा वैज्ञानिक होऊ म्हणणारे मुलगे सुमारे १२ टक्के, मुली ५ टक्के. आरोग्य क्षेत्र सांगणाऱ्या मुली सुमारे १७ टक्के, मुलगे ६ टक्के.

विधानांऐवजी चित्रांतूनही हे तपासता येते. डेव्हिड चेंबर्स यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४,८०७ मुलांना शास्त्रज्ञाचे चित्र काढायला सांगितले होते. त्यातल्या फक्त २८ चित्रांत स्त्री होती आणि ती सगळी मुलींनी काढलेली. अमेरिकेत नंतरच्या दशकांत झालेल्या अशा अभ्यासांत स्त्री शास्त्रज्ञाचे चित्र काढणाऱ्या मुलांचे प्रमाण सरासरी २८ टक्क्यांपर्यंत वाढले. म्हणजे या प्रतिमा बदलू शकतात.

आपल्याकडे काय स्थिती?

महाराष्ट्रात राज्य मंडळाच्या दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६ पासून काही वर्षे कल चाचणी घेण्यात आली. कृषी, वाणिज्य, ललित कला, तांत्रिक, आरोग्य, गणवेशधारी सेवा, कला-मानव्यविद्या अशा सात क्षेत्रांतील कल त्यात पाहिला जात होता. कल म्हणजे आवड. एखादे काम जमण्याची क्षमता म्हणजे अभिक्षमता. या दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांच्या चाचण्याही वेगळ्या असतात.

शिवाय आवड असली तरी प्रवेश मिळतोच असे नाही. ‘असर २०२३’ अहवालात ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटाची पाहणी झाली. महाराष्ट्रातून नांदेड जिल्हा त्यात होता. देशभरच्या या पाहणीत अकरावी किंवा त्यापुढे शिकणाऱ्यांपैकी विज्ञान-तंत्रज्ञान शाखेत मुलगे ३६.३ टक्के, तर मुली २८.१ टक्के होत्या. जवळच्या कॉलेजात सायन्स आहे का, फी परवडते का, मुलीला रोज एसटीने पाठवतात का, हे कल चाचणी विचारत नाही.

चाचणी कुठे फसते?

शिक्षक समोर उभे असतील आणि कागदावर नाव लिहायचे असेल, तर ‘विज्ञान आवडत नाही’ असे लिहायला मुले कचरतात. ‘तंत्रज्ञान’ म्हटल्यावर अनेकांच्या डोळ्यांपुढे फक्त मोबाइल आणि कॉम्प्युटर येतो. परदेशी प्रश्नावली नुसती भाषांतरित केली, तर विधानांचा अर्थ बदलू शकतो. म्हणूनच ती वापरण्याआधी इथल्या मुलांवर तपासावी लागते. एकाच भागातील विधानांची उत्तरे एकमेकांशी जुळतात का, हे ‘क्रोनबाख अल्फा’ या आकड्याने पाहतात. तो साधारण ०.७ किंवा अधिक असावा, असा संकेत आहे.

पालकांनी काय करावे?

चाचणी करून देणाऱ्यांना तीन प्रश्न विचारा. ही चाचणी आवड मोजते की क्षमता? ती मराठी माध्यमाच्या मुलांवर तपासली आहे का? प्रत्येक भागाचे गुण स्वतंत्र मिळतील का?

अशा अनेक प्रश्नावल्या मुळात शाळेतील एखादा उपक्रम उपयोगी पडला का, हे गटाच्या सरासरीवरून पाहण्यासाठी तयार झाल्या. एका मुलाचे भवितव्य ठरवणे हा त्यांचा उद्देश नव्हता. त्यामुळे अहवालात ‘तांत्रिक क्षेत्रात कमी रस’ असे आले, तरी तेवढ्यावरून सायन्सचा अर्ज मागे घेऊ नका. आधी मुलाला किंवा मुलीला विचारा की, हे काम करणाऱ्या कोणाला तू कधी भेटली आहेस का? उत्तर ‘नाही’ असेल, तर प्रवेशाची मुदत संपण्याआधी अशी एक भेट घडवून आणा.