काळ्या मातीतला पाया

मराठवाड्यातली किंवा सोलापूरकडची जुनी गावे पाहिली, की गावठाण बहुधा उंचवट्यावर, पांढरीत वसलेले दिसते आणि शेती त्याच्या सभोवती काळीत. पेरायची जमीन आणि राहायची जमीन जुन्या लोकांनी वेगळी ठेवली. पिकाऊ रान वाया जाऊ नये हा हिशेब त्यात होताच, पण काळीत भिंत सरळ राहत नाही हा अनुभवही असणार. गेल्या काही दशकांत ही विभागणी मोडली. शहरे वाढली, शेते एनए (बिगरशेती) झाली, गुंठ्यागुंठ्याचे प्लॉट पडले आणि घरे काळीत उतरली. पाया मात्र अजूनही शेजाऱ्याला विचारून ठरतो. ‘त्यांनी पाच फूट घेतला, आपणही पाच घेऊ,’ एवढ्यावर आयुष्यभराच्या कमाईचे घर उभे राहते. पाया आपल्या प्लॉटखालच्या जमिनीवरून ठरला पाहिजे. तो कसा ठरतो आणि कसा बांधला जातो, हे घर बांधणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावे म्हणून हा लेख.

आधी मातीचा स्वभाव. दख्खनच्या पठारावरचा बेसाल्ट हजारो वर्षे झिजून ही माती तयार झाली. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की पापुद्रे एकमेकांपासून दूर होतात आणि माती भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखी फुगते. उन्हाळ्यात तीच आकसते आणि हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. ही हालचाल जमिनीखाली साधारण साडेतीन मीटरपर्यंत चालते असे आपल्याकडच्या पायाच्या मानकांत धरले आहे. आता या मातीवर घर ठेवा. घराच्या कडेची माती पावसात भिजते, वैशाखात वाळते. फरशीखालची माती झाकलेली असल्याने तिच्यातली ओल फारशी बदलत नाही. म्हणजे कडा वर-खाली होतात आणि मधला भाग जवळपास आहे तिथेच राहतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी तड जाते. श्रावणात न लागणारे दार चैत्रात सहज लागते. लोक प्लास्टर करणाऱ्याला दोष देतात, तड बुजवून रंग काढतात आणि पुढच्या पावसाळ्यानंतर ती त्याच जागी पुन्हा उघडते.

म्हणून नकाशाच्याही आधी खड्डा. प्लॉटच्या निदान दोन टोकांना माणूस उतरून काम करू शकेल असे खड्डे घ्यावेत. वरची एक-दोन फूट मशागतीची माती, मग दाट काळी, मग पिवळसर चुनखडीचे खडे मिसळलेली माती, त्याखाली मऊ मुरूम, पहार टणकन उडते तो कडक मुरूम, आणि मग खडक. ही उतरंड प्रत्येक प्लॉटवर वेगळ्या जाडीची असते. कधी एकाच प्लॉटच्या पूर्वेला मुरूम चार फुटांवर लागतो आणि पश्चिमेला दहा फुटांवरही लागत नाही, कारण मधून जुना ओढा गेलेला असतो. जवळच्या विहिरीत डोकावले तर हे सगळे थर उभे दिसतात. ज्याच्याकडून जमीन घेतली त्या शेतकऱ्याला विचारावे: इथे कधी विहीर होती का, खाण होती का, भराव टाकलाय का? बुजवलेल्या विहिरीवर आलेला एक खांबसुद्धा घर वाकडे करायला पुरतो.

माती किती फुगते हे पाहण्याची एक चाचणी मला फार आवडते, कारण ती कुणालाही समजते. वाळवून, बारीक चाळलेली माती १०-१० ग्रॅम घेऊन १०० मिलिलिटरच्या काचेच्या दोन नळ्यांत घालायची. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. निदान २४ तास ठेवायचे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून ती नळी मोजपट्टीचे काम करते. पाण्यातल्या मातीची पातळी तिच्या किती वर गेली, त्यावरून टक्केवारी निघते. ५० टक्क्यांच्या पुढे गेली की सावध व्हायचे. कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत होण्यासारखी ही चाचणी आहे, आणि तरी घर बांधणारे तिचे नावही ऐकत नाहीत.

जमीन कळली की गणित. समजा एकमजली, म्हणजे खाली-वर दोन स्लॅबचे घर आहे आणि मधल्या खांबावर साधारण ३० टन भार येतो. फूटिंगचे, म्हणजे खांबाचा भार जमिनीवर पसरवणाऱ्या काँक्रीटच्या बैठकीचे, स्वतःचे वजन धरून ३३ टन. कडक मुरूम चौरस मीटरला २० टन भार निश्चिंतपणे घेतो असे माती परीक्षणाच्या अहवालात आले, तर फूटिंग १.३ मीटर लांब आणि तेवढेच रुंद पुरते. जमीन १० टनच घेणारी असेल, तर तेच फूटिंग १.८ मीटरच्या पुढे जाते. खांब तोच, घर तेच, फक्त जमीन बदलली आणि क्षेत्रफळ दुप्पट झाले. शेजाऱ्याचा पाया उतरवून घेणे का घातक, ते या दोन आकड्यांत दिसते. शिवाय सगळे घर सारखे खचले तर फारसे बिघडत नाही. एक खांब शेजारच्या खांबापेक्षा जास्त खचला तर मात्र बिघडते. सुट्या फूटिंगवरच्या काँक्रीट सांगाड्यासाठी भारतीय मानकाने हा फरक दोन खांबांमधल्या अंतराच्या ०.००१५ पटीपर्यंतच चालवून घेतला आहे. तीन मीटरला तो होतो अवघा साडेचार मिलिमीटर.

मुरूम सहा-सात फुटांत लागला तर निर्णय सोपा आहे: काळी पूर्ण ओलांडायची आणि फूटिंग मुरमावर टेकवायचे. पाच फूट ठरले होते म्हणून काळीतच थांबायचे नाही. काळी फारच खोल असेल तर दुसरे मार्ग आहेत. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने आपल्या देशातल्या या मातीसाठी अंडर-रीम्ड पाइलचे तंत्र विकसित केले. हाताच्या ऑगरने, म्हणजे गिरमिटाने, सुमारे ३० सेंटिमीटर व्यासाचे भोक साडेतीन मीटर किंवा त्याहून खोल घ्यायचे, आणि तळाशी खास हत्यार फिरवून ते अडीचपट रुंद करायचे. त्यात सळ्यांचा पिंजरा सोडून काँक्रीट भरले की खाली फुगा असलेला खांब तयार होतो. वरची माती फुगताना खांबाला धरून वर ओढते, पण खालचा फुगा न हलणाऱ्या थरात अडकलेला असतो, त्यामुळे तो उपसला जात नाही. या पाइलना जोडणारी तुळई जमिनीला टेकवायची नसते. तिच्याखाली निदान ८० मिलिमीटर मोकळी जागा ठेवायची, म्हणजे माती फुगली तरी तुळईला खालून ढकलणार नाही. आयआयटी मुंबईतल्या प्रा. आर. के. कट्टी यांनी वेगळी दिशा दाखवली. फुगणाऱ्या मातीवर चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा पुरेसा जाड थर दाबून बसवला, तर खालचे फुगणे आटोक्यात राहते. कालव्यांच्या कामात हे तंत्र वापरले गेले.

आता प्रत्यक्ष काम. भूमिपूजनाचा नारळ फुटला की लाइनआउट. प्लॉटच्या बाहेरच्या बाजूला विटांच्या छोट्या बुर्ज्या बांधून त्यांवर खांबांच्या मध्यरेषा खिळ्याने कोरतात, कारण आतल्या खुंट्या खोदाईत निघून जाणार असतात. काटकोनासाठी गवंडी आजही टेप धरतो. एका सुतावर ३ मीटर, दुसऱ्यावर ४ मीटर, आणि तिरके अंतर बरोबर ५ भरले पाहिजे. मग घराचे दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे आले, की चुन्याची फक्की मारायची. एवढ्या साध्या गोष्टीत सेंटिमीटरची चूक राहिली, तर ती फरशीच्या शेवटच्या ओळीत कापलेल्या तिरक्या तुकड्यांच्या रूपात दिसते.

खड्डा ठरल्या खोलीला पोचला की तळ हाताने साफ करायचा. जेसीबीचे दात तळ उकरून सैल करतात, म्हणून शेवटचा अर्धा फूट कुदळीनेच घ्यावा. चुकून खोदाई जास्त झाली तर तिथे माती परत टाकायची नाही, हलक्या प्रतीच्या काँक्रीटनेच पातळी भरायची. तळ उघडा पडल्या दिवशीच १०० मिलिमीटर जाडीचे पीसीसी, म्हणजे बिनसळईचे काँक्रीट, टाकावे. एक वळीव बरसला, तरी उघडा तळ चिखल होतो, आणि चिखलावर टाकलेले पीसीसी कितीही जाड असले तरी उपयोगाचे नाही.

पीसीसीवर फिटर जाळी बांधतो. फूटिंगची जाळी खालच्या अंगाला असते, कारण घर खांबातून खाली दाबते आणि जमीन फूटिंगच्या सगळ्या तळावर वर ढकलते, त्यामुळे ताण तळाच्या बाजूला येतो. जाळीखाली ५० मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक हवेत. अनेक साइटवर त्याऐवजी खडीचे चार तुकडे सरकवलेले असतात, आणि काँक्रीट ओतताना त्यावर माणूस चढला की जाळी थेट पीसीसीवर बसते. मग ओल सळईपर्यंत पोचते, गंज धरतो, आणि हे सगळे मातीखाली असल्याने कुणाला दिसत नाही. खांबाच्या सळ्यांचे पाय एल आकारात वाकवून जाळीवर टेकवलेले, बांधलेले आणि ओळंब्यात असले पाहिजेत. काँक्रीट ओतताना व्हायब्रेटर चालला पाहिजे, आणि घमेल्यातले काँक्रीट सरसर ओघळावे म्हणून वरून पाणी ओतणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवले पाहिजे. नंतर निदान सात दिवस ते ओले राहिले पाहिजे, पीपीसी सिमेंट असेल तर दहा दिवस. खड्ड्यात आहे, आपोआप ओले राहते, हा गैरसमज आहे.

यानंतरची चूक मी सगळ्यात जास्त ठिकाणी पाहिली आहे. खोदलेली काळी माती प्लॉटवर ढीग करून पडलेली असते, मुरमाच्या ट्रॉलीला पैसे पडतात, म्हणून जोत्यात तीच भरली जाते. म्हणजे जी माती ओलांडायला एवढे खोल गेलो, तिच्यावरच फरशी बसते. दोन पावसाळ्यांत हॉलच्या मध्यभागी फरशा उचलल्या जातात. जोत्यात मुरूमच हवा, १५-२० सेंटिमीटरचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुम्मस. जोते आसपासच्या जमिनीपेक्षा निदान ४५ सेंटिमीटर उंच हवे, आणि पुढे डांबरी थर चढून रस्ता वाढणार हे धरून त्याहूनही जास्त.

पायाकडून सगळी अपेक्षा करू नये, हेही सांगायला हवे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरचे जड माळवद कोसळून. भिंतींना, छताला, जोत्याला एकत्र बांधणारे काही नव्हते. आजच्या घरात प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याच्या पातळीवरची तुळई, खांबांना पायाशी एकमेकांत जखडतो. तो वाचवण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो ऐकू नये.

घर झाल्यावरही पायाची काळजी संपत नाही. काळीत ओल सारखी ठेवणे हाच उपाय. भोवती दीड-दोन मीटरची बाहेर उताराची फरसबंदी, पन्हाळीचे पाणी लांब नेणारा पाइप, न गळणारे ड्रेनेज. उंबर, पिंपळ, कडुनिंब भिंतीपासून लांब लावा. उन्हाळ्यात त्यांची मुळे पायाखालचे पाणी ओढून घेतात आणि माती आकसते.

घर बांधायला काढणाऱ्यांना एकच विनंती आहे. टाइल्स निवडायला तुम्ही चार दुकाने फिरता, तेवढा वेळ खोदाई ते जोते या टप्प्याला द्या. ठेक्याच्या कागदात तीन ठिकाणी थांबा लिहून घ्या: तळ साफ झाल्यावर, जाळी बांधल्यावर आणि जोत्यात भराव टाकण्याआधी. या तिन्ही वेळी अभियंता खड्ड्याजवळ येऊन सही करेल, मोजपट्टी लावून फोटो काढले जातील आणि ते तुमच्या फाइलमध्ये राहतील. भराव पडल्यानंतर पाहण्यासारखे काही उरत नाही.